डब्यातला विषय

"मनात येईल ते काढ," असं कुणी म्हटलं, की माझ्या मनात पहिल्यांदा येतं ते गॅस बंद केला का, हे. मग गिरणीतलं दळण आणायचं राहिलंय, हे. कागद कोरा तो कोराच.

गेल्या सप्टेंबरच्या शेवटी भाची म्हणाली, "मावशी, या वर्षी इंकटोबर करू या ना." जेक पार्कर नावाच्या अमेरिकन चित्रकारानं शाईवर आपला हात बसावा म्हणून २००९ च्या ऑक्टोबरात रोज एक शाईचित्र काढायचा नेम केला. आता जगभरची माणसं तो पाळतात : ३१ दिवस, ३१ शब्द, ३१ चित्रं. बिचाऱ्याच्या घरी दिवाळीची साफसफाई नसणार. एरवी ऑक्टोबर कोण निवडेल?

घासाघीस करून आम्ही रोजचं आठवड्यावर आणलं. शब्दही आपलेच. चौघांनी दहा-दहा चिठ्ठ्या लिहून शंकरपाळ्यांच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. चौघं म्हणजे भाची, मी, तळमजल्यावरचे निवृत्त ड्रॉइंगचे सर आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. काकू खरं तर वाटी परत द्यायला आल्या होत्या. दर शनिवारी रात्री एक चिठ्ठी काढायची आणि पुढच्या शनिवारी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर काहीतरी आणायचं. कशानं करायचं याला बंधन नाही.

सरांच्या मते यात नवीन काही नाही. भोजराजाच्या दरबारात समस्यापूर्ती चालायचीच. पायऱ्यांवरून घडा गडगडत गेल्याचा नुसता आवाज राजानं दिला आणि कालिदासानं त्याचा श्लोक पुरा केला, ही गोष्ट सर फार रंगवून सांगतात. भोज अकराव्या शतकातला आणि कालिदास त्याच्या कित्येक शतकं आधीचा, हे मी एकदाच म्हणाले. घडा मात्र छान गडगडतो.

मला आठवते ती इंटरमिजिएटची परीक्षा. स्मरणचित्राच्या पेपरला मी पावसातला बसस्टॉप निवडला होता, कारण मला चेहरे जमत नसत. छत्र्या खाली ओढल्या की प्रश्न मिटला. चौदा माणसं काढली आणि नाक एकाचंही नाही. परीक्षकांना त्यात बहुधा शहराचं एकाकीपण दिसलं असावं, पास झाले.

आमची पहिली चिठ्ठी निघाली, 'काळोख'. मी हौसेनं काष्ठौषधीच्या दुकानातून हिरडा आणि हिराकस आणला. हिरड्याचा काढा गाळून त्यात चिमूटभर हिराकस टाकला, की जुन्या पद्धतीची शाई होते. घरभर असा वास सुटला की कुणाचं पोट बिघडलंय, अशी शेजारी चौकशी झाली. शाई जरा पातळच झाली. रात्री कागदावर फटकारे मारले तर करडे, मिळमिळीत; ढगाळ दुपारसुद्धा म्हणवेना. वैतागून झोपले. ही शाई हवा लागली की गडद होत जाते, हे दुकानदारानं सांगितलं नव्हतं. सकाळी उठून पाहते तर कागदावर चांगला काळोख पडलेला. माझ्या चित्रातला सगळ्यात बरा भाग मी घोरत असताना झाला.

काकू मात्र पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "मला चित्र येत नाही हो. मी आपली चहा करीन." दोन शनिवार त्यांनी चहाच केला. तिसरी चिठ्ठी निघाली, 'वजन'. सरांनी आठवडाभर खपून दोन किलोचं लोखंडी माप काढलं. छायाभेद असा, की उचलायला हात पुढे व्हावा. भाचीनं कागदाला सुई-दोऱ्यानं दगड टाचला होता आणि कागद फाटला होता. तो फाटणं हेच चित्र आहे, असं तिचं म्हणणं. (या वाक्यावर तिच्या पिढीचं बरंच काही निभावून जातं.)

मग काकूंनी पिशवीतून कागद काढला. त्यावर चार बोटांचे ठसे होते, रबरी शिक्क्याच्या निळ्या शाईतले, आणि प्रत्येक बोटावर आडवी पांढरी रेघ. मंडईतून येऊन त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली होती आणि बंदांचे वळ बुजायच्या आत शाईला बोटं लावून कागदावर दाबली होती. वळ पडले तिथं शाई लागली नाही.

सरांनी तो कागद बराच वेळ हातात धरला. आपलं माप हळूच पालथं घातलं. मग विचारलं, "वहिनी, पिशवीत काय होतं?"

"सुरण," काकू म्हणाल्या. "आणि वर ह्यांना हवा म्हणून नारळ."

'तुम्हाला हवं ते करा' म्हटलं असतं, तर काकूंनी चहाच केला असता. ते वळ गेली चाळीस वर्षं रोज त्यांच्या बोटांवर उमटत आणि बुजत होते. कुणीतरी डब्यातून 'वजन' काढायची खोटी होती. ती चिठ्ठी कुणी लिहिली होती, ते कुणी कबूल करत नाही. अक्षर माझ्यासारखं आहे, पण मला आठवत नाही.

या आठवड्याचा शब्द आहे 'झाकण'. आणि सोमवारपासून चिठ्ठ्यांच्या डब्याचं झाकण सापडत नाहीये. भाची माझ्याकडे बघते, मी सरांकडे, सर छताकडे. काकूंनी आज वाटी परत दिली, ती मात्र पहिल्यांदाच न झाकता.