नाना पाथ काढतात

"चिरंजीवांची घटक चाचणी सोमवारपासून ना?" लिफ्टमध्ये नानांनी विचारलं. मी ठोकून दिलं, "हो हो." घरी येऊन बायकोला विचारलं, तर खरंच सोमवारपासून होती.

आमच्या बिल्डिंगमधल्या यच्चयावत पोरांच्या परीक्षा, सहली आणि स्नेहसंमेलनं नानांना पाठ आहेत. दुसऱ्या मजल्यावर नव्याने आलेल्या बाईंना वाटलं, आजोबांना लहान मुलांची केवढी ओढ! त्यांचा गैरसमज अजून कोणी दूर केलेला नाही. मांजर दुधावर नजर ठेवतं ते प्यायचं म्हणून. नाना शाळांवर नजर ठेवतात ती पोरं कधी अडकलेली असतात ते बघायला. ती अडकली की नाना सुटणार.

असे नाना हल्ली सोसायटीगणिक एकदोन सापडतात. पेन्शन बरी, गुडघे अजून शाबूत, मुलगी न्यू जर्सीला, काशी-रामेश्वर उरकलेलं आणि आता डोक्यात क्रूझ. दिवसभर समुद्र बघायचा, हाक मारली की चहा, भांडी घासायची नाहीत. एकच अट: तलावात धबाधबा उड्या मारणारी, बुफेच्या रांगेत पायात येणारी आणि लिफ्टची सगळी बटणं दाबून पळणारी पोरं नकोत. "आपली सांभाळली, ती फुकट सांभाळली," नाना म्हणतात, "दुसऱ्याची मी तिकीट काढून का सांभाळू?"

नाना मध्य रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर होते. समोर चार्ट, त्यावर गाड्यांच्या तिरक्या रेघा, आणि दोन मेलच्या मधल्या फटीतून मालगाडी अलगद काढून द्यायची, यात सगळी नोकरी गेली. त्या फटीला ते 'पाथ' म्हणतात. निवृत्तीनंतर मालगाडी गेली, पाथ काढायची खोड राहिली. आता स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेल्या दिनदर्शिकेवर ते चार रंगांच्या पेनाने रेघा ओढतात. लाल रेघ राज्य मंडळाची. ती मेच्या सुरुवातीला निघते आणि जूनच्या मध्यावर थांबते. पण विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनअखेरीस उघडतात, म्हणून तिला नागपूरच्या बाजूचं एक शेपूट आहे. निळी सीबीएसईची, त्यांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. हिरवी गुजरातची. दिवाळीत एकवीस दिवस शाळा बंद आणि मुंबईचं बंदर हाकेच्या अंतरावर, म्हणजे धोका मोठा. काळ्या रेघेत बंगालची दुर्गापूजा, मुंबईच्या शाळांना मिळणारी गणपतीची सुट्टी, नाताळ आणि लागून येणारे सगळे शनिवार-रविवार. याला नाना 'मेगाब्लॉक' म्हणतात.

त्याच दिनदर्शिकेवर माई दुधाचा हिशोब मांडतात. गेल्या वर्षी मे महिन्यात एका चौकोनात 'अ' दिसला. नानांना वाटलं, आपणच कधीतरी अलास्का टिपून ठेवलंय. (मे ते सप्टेंबर हा तिथला हंगाम, आणि शाळा सुटायच्या आधीचा मे महिना उत्तम, हे त्यांनी शोधून ठेवलेलंच होतं.) लेकीला फोन झाला, विमानांची भाडी निघाली. संध्याकाळी माई म्हणाल्या, "अहो, त्या दिवशी अर्धाच लिटर घेतलं होतं."

मग लेकीनेच कॅरिबियन सुचवलं. नाना कामाला लागले. अमेरिकेतल्या शाळा फार तर सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या, म्हणजे लेबर डेच्या आसपास भरतात. त्यानंतर जहाजं पोरांवाचून रिकामी, वर भाडं उतरलेलं. नाना दोन दिवस शीळ घालत हिंडत होते. तिसऱ्या दिवशी कळलं, की अटलांटिकवर चक्रीवादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असतो आणि त्याचा कळस येतो 10 सप्टेंबरच्या सुमारास. "पोरं उतरतात, त्याच स्टेशनावर वादळ चढतं," नाना खिन्नपणे म्हणाले. पण कंट्रोलर हार मानत नाही. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी; तिथून नाताळच्या सुट्टीपर्यंत शाळा चालू, आणि वादळांचा हंगाम संपलेला. डिसेंबरचे पहिले दोन आठवडे! असा पाथ नोकरीतसुद्धा मिळाला नव्हता.

"मार्गशीर्षातले गुरुवार आहेत," माई म्हणाल्या, आणि कुकरचं झाकण लावलं.

अठराच्या खालच्यांना चढूच देत नाहीत अशीही जहाजं असतात. इंग्लंडातल्या पी अँड ओची आर्केडिया आणि ऑरोरा त्यातलीच. हे मी मोठ्या उत्साहाने नानांना सांगायला गेलो. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी शब्दकोडं सोडवणाऱ्याला उत्तरांचं पान दाखवलं होतं. "फाटकच बंद म्हटल्यावर पाथ कसला काढायचा?" त्यापेक्षा त्यांचा जीव जडला तो युरोपातला हंगाम संपवून अटलांटिकपार जाणाऱ्या जहाजांवर. सहा-सात दिवस नुसतं पाणी. सलग तीन दिवस किनारा नसेल, तर कित्येक कंपन्या वर्षाच्या आतलं बाळ घेतच नाहीत. "आणि मोठी पोरं शाळा बुडवून पाणी बघायला कशाला येतील?" माईंनी विचारलं, "आपण तरी कशाला जायचं?" तो कागद घडी होऊन पोथीखाली गेला.

शेवटी ठरलं मुंबई–गोवा–मुंबई. फेब्रुवारीचा उत्तरार्ध, सोमवार ते गुरुवार. बारावीची परीक्षा चालू, दहावीची तोंडावर, धाकट्यांच्या आया पाठांतर घेत असलेल्या. चारही रेघांच्या मधून जाणारा निखळ मोकळा पाथ. बॅलार्ड पिअरला जाताना टॅक्सीत माईंनी मला फोनवर सांगितलं, की लहानपणी नाना भाऊच्या धक्क्यावरून 'रोहिणी' बोटीने देवगडला जात, आणि एकदा कोणा परक्याच्या फणसाच्या करंडीत ओकले होते. मागून नानांचा आवाज आला, "समुद्र खवळलेला होता."

पुढची हकीकत नानांच्याच तोंडची. जहाजाने धक्का सोडला आणि नाना वरच्या डेकवर गेले. मुलांचा छोटा तलाव शांत. निळी घसरगुंडी कोरडी ठणठणीत. नाना आरामखुर्चीत पाय पसरून बसले. साधारण अकरा मिनिटं.

मग चारशे माणसं आली. सगळ्यांचे टी-शर्ट एकाच नारिंगी रंगाचे, पाठीवर पाइपचं चित्र. एका पाइप कंपनीची महाराष्ट्रभरच्या डीलरांची सहल होती. शाळा चालू असताना आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी जहाज कोण भरतं, याची रेघ नानांनी ओढलीच नव्हती. जालन्याचे एक डीलर मुलांच्या घसरगुंडीत अडकले; खालून दोघांनी पाय ओढले, वरून एकाने पाणी ओतलं. लिफ्टची सगळी बटणं दाबून एक घोळका जिन्याने पळाला. बुफेत सोलापूरकरांनी शेंगाचटणीची पिशवी उघडली आणि परदेशी वेटरला आग्रह करकरून दोन चमचे वाढली. रात्री दीड वाजता पॅसेजमध्ये "टार्गेट कोणाचं?" "आपलं!" अशा आरोळ्या उठल्या. समोरच्या केबिनमधून एक तरुण बाई बाहेर आली. "काका, प्लीज त्यांना सांगा ना, बाळ आत्ताच झोपलंय." जहाजावर एक बाळ होतं, हे नानांना तेव्हा कळलं. ते पायजम्यात पॅसेजभर फिरले आणि चारशे डीलरांना त्या बाळासाठी दटावून आले.

त्याचा परिणाम असा झाला, की दुसऱ्या दिवशी, मुरगाव सोडल्यावर, बक्षीस समारंभात सातारचे ज्येष्ठ डीलर समजून नानांना स्टेजवर बोलावण्यात आलं. शाल, नारळ आणि काचेच्या पेटीतला पाऊण इंची सोनेरी एल्बो. "तुम्ही सांगितलं नाहीत, तुम्ही डीलर नाही म्हणून?" मी विचारलं. "शाल चांगली होती," नाना म्हणाले.

तो एल्बो आता टीव्हीवर आहे. परवा पुन्हा लिफ्टमध्ये भेटले. माझ्या मुलाच्या परीक्षेबद्दल चकार शब्द नाही. खिशाला पाचव्या रंगाचं पेन. मजला येईपर्यंत गप्प होते; दार उघडल्यावर मात्र माझा दंड धरून हळूच म्हणाले, "तुमच्या ओळखीत कोणी सिमेंटवाला, रंगवाला आहे का हो? यांच्या सहली कुठल्या महिन्यात निघतात, एवढं विचारून ठेवा."