घिवलीचे लॅटिनतात्या

तारापूर एमआयडीसीतल्या औषधाच्या कारखान्यात लेबलं डकवता डकवता तात्यांच्या अंगात लॅटिन शिरलं, ते निवृत्तीनंतरही उतरायला तयार नाही. घिवलीत कुणाला साधंसुधं काही होऊच नये, असा त्यांचा बाणा. खोकल्याची टुसिस होते, उचकीचा सिंगल्टस. बोईसरच्या डॉक्टरने चिठ्ठीवर चक्क इंग्रजीत 'कॉमन कोल्ड' लिहिलं, की तात्यांना त्याच्या डिग्रीचीच शंका येते.

चिठ्ठी हाती आली की कपाळावरचा चष्मा नाकावर. गोळीच्या नावाशी त्यांना कर्तव्य नाही. जीव सगळा कडेच्या आद्याक्षरांत. "बीडी म्हणजे तू ओढतोस ती नव्हे रे! बिस डिए. दिवसातून दोनदा." टीडीएस म्हटल्यावर अणुवीज केंद्रातला पुतण्या पगाराची पावती शोधू लागतो, तर तात्या गरजतात, "टेर डिए सुमेंडुम! तीनदा घ्यायची!" एसओएस ऐकून एक खलाशी कुणाची बोट बुडाली म्हणून धावत आला होता. त्यालाही बसवून घेऊन 'सी ओपुस सिट', म्हणजे गरज पडली तर, हे पाठ करायला लावलं.

पंचाईत अशी की माणूस चूक बोलत नाही. पोलीसपाटलांच्या मानेवर केसतूड आलं तेव्हा 'फुरुन्क्युलस' एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण या शब्दाचा मूळ अर्थ भुरटा चोर, हेही ते भर चावडीत सांगून आले.

औषध तात्या कधीच देत नाहीत. तरी बाया त्यांच्या ओट्यावर येतात, कारण आजाराला भारी नाव मिळालं की घरात दोन दिवस तरी कुणी भांडी घासायला सांगत नाही. शेजारणीच्या नागिणीला 'हर्पीस झोस्टर' मिळालं. दोन्ही शब्द मुळात ग्रीक, पण घिवलीत ते तपासतो कोण! ते ऐकून बोंबील विकणाऱ्या मावशी पायाचं कुरूप घेऊन हजर.

"क्लेव्हस," तात्या म्हणाले.

"एवढंच? तिला दोन शब्द नि मला एकावर वाटेला लावता?"

तात्यांनी क्षणभर डोळे मिटले. "क्लेव्हस डुरस पेडिस डेक्स्ट्री. उजव्या पायाचं कडक कुरूप."

मावशींनी ते दोनदा म्हणवून घेतलं, टोपली डोक्यावर चढवली, लंगडत फाटकापर्यंत गेल्या आणि मागे वळल्या.

"तात्या, डाव्यालापण एक आहे हो."