सोळा काउंट्या आणि एक बुरूज

इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड टेकड्यांमध्ये, वूस्टरशरमधील ब्रॉडवे गावाच्या डोक्यावर उभा असलेला ब्रॉडवे टॉवर दिसायला किल्ल्याचा बुरूज आहे. मात्र त्याच्याभोवती किल्ला नाही, पूर्वीही नव्हता, आणि त्याला कोणी वेढा घालण्याचे कारणही कधी निर्माण झाले नाही. अशा इमारतीला इंग्रजीत ‘फॉली’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ खुळेपणा असून, धनिकांनी निव्वळ शोभेसाठी उठवलेली, दिमाख पुरेपूर पण उपयोग शून्य अशी वास्तू हा त्याचा स्थापत्यातील अर्थ होय. आपल्या खुळेपणाला उघडपणे तेच नाव देऊन वर तो तिकीट लावून दाखवणे, हे धाडस फार थोड्या समाजांना जमले आहे.

गावातून बुरुजाकडे चढणारी वाट ‘कॉट्सवोल्ड वे’ या 102 मैलांच्या पायी मार्गाचा भाग असून ती मेंढ्यांच्या कुरणांतून जाते, त्यामुळे तिच्यावर ‘किसिंग गेट’ लागते. या नावामुळे दचकण्याचे कारण नाही: येथे चुंबन फाटक घेते, तेही कुंपणाचे. अर्धगोल कुंपणात झुलणाऱ्या या फाटकातून माणूस वळसा घेऊन पलीकडे जातो आणि गुरे अडतात, अशी ही योजना असली, तरी पाठीवर फुगलेली सॅक घेतलेला प्रवासी तिच्या दृष्टीने गुरांतच मोडतो, आणि मेंढ्या चरणे थांबवून या वर्गीकरणाला मूक संमती देतात.

बुरुजाची जन्मकथा अशी सांगतात की, कॉव्हेंट्रीच्या अर्लच्या पत्नीला या टेकडीवर पेटवलेला जाळ सुमारे 35 किलोमीटरवरील आपल्या घरून दिसतो का, असा प्रश्न पडला. जाळ दिसला, पण जाळ विझतो, तेव्हा तेथे कायम दिसेल असे काहीतरी हवे, म्हणून उद्यानरचनाकार ‘केपेबिलिटी’ ब्राउनची कल्पना आणि जेम्स वायटचा आराखडा यांतून 1799 पर्यंत सुमारे 20 मीटर उंचीचा हा बुरूज उभा राहिला. ब्राउन तोवर निवर्तून दीड दशक उलटले होते, यावरून कामाची निकड लक्षात यावी.

बिनकामाच्या वास्तूला रहिवासी मात्र कामसू मिळाले. जगातील प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत जमवण्याचा ध्यास घेतलेल्या सर थॉमस फिलिप्सने येथे छापखाना थाटला, म्हणजे मिळालेली पुस्तके कमी पडत असावीत. पुढे कवी व कारागीर विल्यम मॉरिस मित्रांसह येथे सुटीसाठी येऊ लागला, तेव्हा पुरुषांना अंघोळ गच्चीवर करावी लागे, आणि वारा जोरात असला की साबण उडून जाई. जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी 1877 मध्ये संस्था काढणाऱ्या गृहस्थाने जुनी इमारत इतकी अंगावर घेतलेली असणे समर्पकच म्हणावे लागेल.

शीतयुद्धाच्या काळात टेकडीकडे पुन्हा जाळ पाहण्याचेच काम आले, फक्त या वेळी तो अणुबॉम्बचा असायचा होता. स्फोट आणि किरणोत्सार यांची नोंद घेण्यासाठी रॉयल ऑब्झर्व्हर कोअरचे निरीक्षक बुरुजाजवळ नेमले गेले. आणि समुद्रसपाटीपासून 312 मीटर उंचीवरील, दूरवर नजर पोहोचणाऱ्या या जागी त्यांना बसवले ते जमिनीखालच्या बिनखिडकीच्या खोलीत.

गच्चीवरून सोळा काउंट्या, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, दिसतात अशी ख्याती आहे. सीमारेषा शेतांवर आखलेल्या नसल्याने हा हिशेब श्रद्धेने करावा लागतो. त्यातही वूस्टरशर आणि हेरफर्डशर 1974 मध्ये एक झाल्या आणि 1998 मध्ये पुन्हा विभक्त झाल्या, म्हणजे क्षितिज तसूभर न हलता मधल्या 24 वर्षांत दृश्यातून एक काउंटी हरवली होती. धुके उतरले की मात्र वाद उरत नाही. तेव्हा एकच काउंटी दिसते, तीही पायाखालची, आणि तिकीट सोळांचेच पडते.