सदिच्छा दौरा, व्हाया निपाणी

दोन देशांचं भांडण हाताबाहेर गेलं की शहाणी सरकारं मंत्र्यांना घरी बसवतात आणि खेळाडू, गवई, विद्यार्थी अशी निरुपद्रवी माणसं पलीकडं धाडतात. अमेरिकेचा टेबल टेनिसचा संघ 1971 मध्ये चीनला गेला. वाजपेयी 1999 मध्ये बसनं लाहोरला गेले. त्यानंतर काही महिन्यांत कारगिल झालं हे खरं, पण त्यात बसचा काही दोष नव्हता. मग कोल्हापूरनंच मागं का राहावं? परराष्ट्र आम्हालाही आहे. कागलच्या पुढं दूधगंगेचा पूल ओलांडला की ते सुरू होतं.

आमच्याकडं महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाचा हा विषय मंत्र्यांच्या पातळीवर हाताळून झालेला आहे. डिसेंबर 2022 मध्ये चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई हे आपले दोन समन्वय मंत्री बेळगावला जाणार होते. कर्नाटक म्हणालं, येऊ नका. ते गेले नाहीत. समन्वयाचं इतकं चोख उदाहरण दुसरं सापडायचं नाही. 6 तारखेला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगड पडले आणि इकडं कर्नाटकाच्या बसना काळं फासलं गेलं. मग 14 तारखेला अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत समोरासमोर बसवलं. दोन्हीकडं भाजप सत्तेत, त्यामुळं तणाव घरातलाच होता. तरी 19 तारखेला खासदार धैर्यशील माने यांना बेळगावात प्रवेशबंदी झालीच. चीन जसा आत घुसला तसे आम्ही कर्नाटकात घुसू, असं संजय राऊत म्हणाले. आम्ही रणगाड्याची वाट बघत कोगनोळीच्या टोलनाक्याकडं डोळे लावून बसलो, तर तिथं फास्टॅगची रांग लागलेली. त्याच दिवसांत मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापूरचे भाविक शेकड्यांनी सौंदत्तीला, म्हणजे थेट बेळगाव जिल्ह्यात, यल्लम्माच्या दर्शनाला गेले आणि आले. देवी कुठल्याच समन्वय समितीवर नाही, त्याचा हा फायदा.

म्हणून पेठेतल्या आमच्या मंडळानं ठराव केला की मंत्र्यांना जमत नाही तर एक विद्यार्थी पाठवायचा. ठराव मांडणाऱ्यांत बसला काळं फासण्याचा दांडगा अनुभव असलेले दोघं होते. बैठक दावणगिरी लोणी डोशाच्या गाड्यावर झाली. दावणगिरी कुठल्या राज्यात येतं हा मुद्दा कुणी उपस्थित केला नाही, कारण दुसरा डोसा तव्यावर होता.

दूत म्हणून निवडलेल्या पोराला कन्नडचे दोनच शब्द येत होते, ‘कन्नड गोत्तिल्ल’. मला कन्नड येत नाही, एवढं कन्नडमधून सांगता येणं ही राजनैतिक पात्रता पुरेशी ठरली. व्हिसाची चौकशी केली. तो 2021 मध्ये लागायचा, नाकात काडी घालून काढलेला, 72 तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल. आता लागत नाही म्हटल्यावर मंडळ थोडं हिरमुसलं.

खरा पेच पडला भेटवस्तूचा. पहिलं नाव निघालं ते कोल्हापुरी चपलेचं. करकर वाजणारी, कापशी, शुद्ध कातड्याची. तेवढ्यात एका वकिलानं घोळ घातला. या चपलेचं भौगोलिक मानांकन 2019 मध्ये मिळालं ते आठ जिल्ह्यांना, चार आपले आणि चार त्यांचे. बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर इथली चप्पलही कायद्यानं कोल्हापुरीच. 2025 मध्ये इटलीच्या प्राडानं तसलीच चप्पल फॅशन शोमध्ये मिरवली, तेव्हा ‘ती आमची’ म्हणायला दोन्ही राज्यं एकाच वेळी उठली. सीमाप्रश्नावर दोघांचं एकमत झाल्याचा मला ठाऊक असलेला हा एकमेव प्रसंग, आणि तोही पायताणावर. शेवटी गुळाची ढेप न्यायचं ठरलं.

दूत निपाणीला जाणाऱ्या लालपरीत बसला. 2017 मध्ये ‘जय महाराष्ट्र’ म्हणणाऱ्या लोकप्रतिनिधीचं पद घालवू, असं कर्नाटकाचा एक मंत्री बोलून गेला होता. त्यावर आपले तेव्हाचे परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी एसटीवर ‘जय महाराष्ट्र’ लिहून गाड्याच तिकडं पाठवल्या. तेव्हापासून ही बस म्हणजे चाकांवरचा निषेध खलिता आहे. शेजारी निपाणीची एक मावशी बसली होती. कंडक्टरनं तिचं तिकीट फाडायला घेतलं आणि आमच्या दूतानं आयुष्यात पहिल्यांदा आंतरराज्य सीमा डोळ्यांनी पाहिली. महाराष्ट्रात बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट, पण ते हद्दीपर्यंतच, पुढं पूर्ण. जून 2023 पासून कर्नाटकात तिथल्या बायकांना प्रवास फुकट, पण गाडी त्यांच्या सरकारची हवी. मावशीनं पिशवीची गाठ सोडता सोडता हिशेब सांगितला, ‘‘हद्दीपतोर अर्धं, म्होरं फुल. चिक्कोडीला लेकीकडं जाताना फुकाट. तुमच्यात बी फुकाट करायला सांगा की, लई न्याय हुईल.’’ सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगानं 1967 मध्ये नकाशावर आखलेल्या रेषेपेक्षा ही रेषा कितीतरी स्वच्छ होती. बसमधल्या प्रत्येक बाईला ती पाठ होती.

निपाणीत उतरल्यावर दूतानं पहिल्या परकीय नागरिकासमोर ढेप ठेवली आणि सलोख्याचं भाषण सुरू केलं. परकीय नागरिक पानटपरीवर बसला होता. त्यानं ‘कन्नड गोत्तिल्ल’ ऐकून घेतलं.

‘‘मलाबी न्हाई. कुठलं पाव्हणं?’’

‘‘कोल्हापूरचा. सदिच्छा घिऊन आलोय.’’

‘‘ती ऱ्हाऊ द्या. औंदा तुमच्याकडं पहिली उचल किती?’’

उसाचा विषय निघाल्यावर राजनीती संपते. 2023 च्या सप्टेंबरात आपल्या सरकारनं ऊस राज्याबाहेर न्यायला बंदी घातली होती. शेतकरी खवळले आणि ती मागं घ्यावी लागली. माणसाला नसलेला व्हिसा उसाला लावायचा प्रयत्न होता तो, दुसरं काय. टपरीवाल्याचं यावर सविस्तर मत होतं. ते छापण्यासारखं नाही.

कार्यक्रमपत्रिकेत ‘परकीय विद्यार्थ्यांशी संवाद’ असं कलम होतं. दूतानं विचारलं, इथली पोरं कुठं भेटतील?

‘‘कालेजला गेल्यात की.’’

‘‘कुठल्या?’’

‘‘देवचंद.’’

आता हे देवचंद महाविद्यालय 1961 पासून निपाणीच्या पोरांना शिकवतंय, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे आणि त्याचा पत्ता आहे अर्जुननगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, व्हाया निपाणी. म्हणजे परराष्ट्रातले विद्यार्थी गाठायला आमच्या दूताला स्वदेशी परतावं लागलं, तेही चालत. गेटवर त्याला जी पोरं भेटली ती रोज सकाळी सीमा ओलांडून पहिल्या तासाला बसतात आणि दुपारी ओलांडून घरी जेवायला जातात. अशांना कुणी सदिच्छा दूत म्हणत नाही, फार तर उशिरा आल्याबद्दल प्राध्यापक बोलतात. मत कर्नाटकात, पदवी महाराष्ट्राची, आणि नोकरीच्या अर्जावर रहिवासाचा रकाना आला की दोन्हीकडं विचारपूस. एकानं दूताला उलट विचारलं, ‘‘भावा, तू तिकडं कशाला गेलतास?’’ याला उत्तर पत्रिकेत नव्हतं. ढेप मात्र पोरांनी तिथंच फोडून खाल्ली.

दौऱ्याचा अहवाल मंडळापुढं आला. सोबत परदेश प्रवासभत्त्याचं बिल होतं. खजिनदारांनी चष्मा पुसला.

‘‘परदेश? निपाणी परदेश कधीपासनं? 865 गावांवर आपला दावा हाय, त्यात निपाणी हाय. ह्यो भत्ता दिला म्हंजे दावा सोडला असं हुतंय. उद्या त्यांचा वकील आपलीच पावती कोर्टात दावील.’’

‘‘महाजननं निपाणी दिल्तीच की आपल्याला,’’ वकील मध्येच बोलला. ‘‘बेळगाव न्हाई म्हणून आपणच अहवाल फेटाळला.’’

‘‘तू गप.’’

‘‘मग राज्यातला प्रवास धरून तेवढं तरी द्या,’’ दूत म्हणाला.

‘‘तसं दिलं तर निकालाआधीच निकाल लावल्यागत हुतंय. कोर्टाचा अवमान हाय त्यो.’’ खजिनदारांनी बिलावर ‘न्यायप्रविष्ट’ असा शेरा मारला आणि ते फायलीत घातलं.

‘‘पर कोर्टाचा निकाल कधी लागणार?’’

‘‘दावा 2004 चा हाय. तुझा जलम कधीचा?’’

‘‘2005.’’

‘‘मग तुझा नंबर दाव्याच्या मागं.’’