बेमोसमी चिरंजीव

पुण्यात राहून हवामानाचा अंदाज मिळत नाही, असं म्हणायची सोय नाही. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून इथे आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, पण शिवाजीनगरच्या त्या चौकाला लोक अजून सिमला ऑफिसच म्हणतात, आणि अंदाज वर्तवण्याचं काम तिथे आजही चालतं. आमच्या घरी मात्र आई सकाळी गॅलरीचं दार उघडते, उजवा हात बाहेर काढते, क्षणभर तसाच धरते आणि आत घेऊन म्हणते, "गार आहे." त्यानंतर चिरंजिवांच्या अंगावर काय चढणार, याबाबत खात्याचा अधिकार संपतो.

चिरंजीव दोन वर्षांचे आहेत. ते जन्मले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, की आपण जेवढे कपडे घालतो त्यापेक्षा बाळाला एक थर जास्त घालावा. तान्ह्या बाळासाठी हे ठीकच आहे. पण हा एक थर घरात मिळून एक, की माणशी एक, हे त्या वेळी स्पष्ट करण्यात आलं नाही. त्यामुळे एक थर आई घालते, एक बायको घालते, आणि दोघींनी घातलेला मला माहीत नसतो म्हणून एक मी घालतो. चिरंजीव आता तान्हे राहिले नाहीत, पण नियम रद्द झाल्याचं आम्हाला कोणी कळवलेलं नाही. ऑक्टोबरच्या भर उन्हात कानटोपी घातलेलं मूल जिन्यात भेटलं की खालच्या मजल्यावरचे काका विचारतात, "काय, महाबळेश्वरला का?" आम्ही कोपऱ्यावर दूध आणायला निघालेलो असतो.

एवढं करूनही सर्दी होतेच. या वयाच्या मुलांना वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणं अगदी स्वाभाविक समजतात, पाळणाघरात जाणाऱ्यांना त्याहूनही जास्त वेळा. एक सर्दी आठ-दहा दिवस मुक्काम करते. गुणाकार केला तर दोन महिने सहज भरतात, आणि दोन महिन्यांचा एक ऋतू असतो हे आपण शाळेत शिकलेलो आहोत. तेव्हा वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर यांच्या पंगतीत सर्दीचंही एक पान मांडायला हरकत नसावी. बाकीचे सलग येतात आणि ही हप्त्याहप्त्याने येते, इतकाच फरक. शिवाय बाकीच्या ऋतूंना कारण विचारलं जात नाही, हिला विचारलं जातं. उन्हाळ्यात कुल्फी, पावसाळ्यात भिजणं, हिवाळ्यात थंडी, आणि मधल्या काळात "हवा बदलतेय ना." सर्दी विषाणूंमुळे होते आणि विषाणू एका मुलाच्या हातावरून दुसऱ्या मुलाच्या नाकात जातात, हे डॉक्टरांनी आईला समोर बसवून नीट समजावलं. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली, "पण परवा वारा लागला होता त्याला."

यावर डॉक्टरांनी मान डोलावली. अनुभवी डॉक्टर आहेत.

पण माझी मुख्य तक्रार सर्दीची नाही, चड्ड्यांची आहे. मूल दीड वर्षाचं झालं की सल्ले सुरू होतात: डायपर सोडवायचा तर उन्हाळ्यात सोडवा. या एका मुद्द्यावर दोन्हीकडच्या आज्या, मावशी, पाळणाघराच्या ताई आणि ज्यांना मुलं नाहीत असे माझे दोन मित्र, सगळ्यांचं एकमत आहे. कारणही बिनतोड आहे. उन्हाळ्यात चड्डी तासाभरात वाळते, फरशी आपोआप कोरडी होते आणि मूल उघडं फिरलं तरी कोणी काही म्हणत नाही. त्यानुसार आम्ही मार्चमध्ये पिवळ्या बदकाच्या आकाराचं पॉटी-सीट आणलं. चिरंजिवांना ते फार आवडलं. मार्चमध्ये त्यांनी त्यावर अस्वलाला बसवलं. एप्रिलमध्ये त्यात बटाटे भरून ते स्वयंपाकघरात आणून दिले. मे महिन्यात ते डोक्यावर घालून टीव्हीसमोर उभे राहिले. ज्या कामासाठी ते आणलं होतं, त्या कामासाठी मात्र त्यांची डायपरवरची निष्ठा अढळ होती.

सात जूनच्या सुमारास मृग लागला. आभाळ भरून आलं, समोरची टेकडी दिसेनाशी झाली, आणि चिरंजिवांनी स्वतःच्या हाताने डायपर काढून जाहीर केलं, "चड्डी."

मुलाने स्वतःहून मनावर घेतलं की त्याला अडवू नये, असं म्हणतात. आम्ही अडवलं नाही. तेव्हापासून दिवसाला डझनभर चड्ड्या निघू लागल्या. चिरंजीव "शू" असं सांगतातही, अगदी न चुकता. माहिती अचूक असते, फक्त भूतकाळातली असते.

पुण्याचा पाऊस हा तसा फुशारकी मारण्याजोगा नाही. वर्षाला साधारण साडेसातशे मिलिमीटर म्हणजे कोकणातल्या माणसाला हसू येईल असा आकडा. पण कोकणातला पाऊस पडायचा तेव्हा धो धो पडतो. पुण्याचा भुरभुरतो. तो पडतोय की थांबलाय हे कळायला दिव्याच्या उजेडात बघावं लागतं. तेवढ्या पावसाने धरण भरायला वेळ लागतो, चड्डी मात्र आठवडाभर ओली राहू शकते. जुलैत आमच्या घरात डायनिंगच्या खुर्च्यांच्या पाठी, कपाटांच्या मुठी, खिडक्यांचे गज आणि माझी व्यायामाची सायकल (ती तशीही दुसऱ्या कामाला येत नव्हती) अशा सगळ्या जागा वापरात होत्या. देवघराशेजारच्या खुंटीवरही एकदा एक चड्डी गेली. ती आईने बघितली. पुन्हा गेली नाही.

न वाळलेल्या कपड्यावर इस्त्री फिरवली की वाफ निघते आणि कपडा कोरडा झाल्याचा भास होतो. घडी घालून ठेवला की दुसऱ्या दिवशी त्याला कुबट वास येतो. मग तो पुन्हा धुवावा लागतो आणि पुन्हा खुर्चीवर जातो. काही चड्ड्या संपूर्ण जुलैभर या फेऱ्यात होत्या, त्या अंगाला लागल्याच नाहीत. ऑगस्टच्या अखेरीस चिरंजीव वेळेआधी सांगायला लागले. त्याच आठवड्यात लख्ख ऊन पडलं. दोरीवर वाळत घालायला काहीच नव्हतं.

हे एकदाच घडलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. पण मुलांच्या कपड्यांचा सगळा हिशोबच ऋतूंशी फटकून आहे. पहिल्या वर्षात मूल साधारण पंचवीस सेंटीमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षात बारा. ऋतू तर वर्षातून एकदाच येतो. म्हणजे मागच्या थंडीत बसणारा स्वेटर या थंडीत बसणं शक्य नाही. यावर उपाय म्हणून घरातली मोठी माणसं दुकानात एकच वाक्य बोलतात: "जरा मोठाच घे, वाढतं अंग आहे." पुण्यात थंडीच्या तोंडावर तिबेटी विक्रेत्यांचे स्टॉल लागतात, तिथून आईने गेल्या वर्षी निळा स्वेटर असाच जरा मोठा आणला. त्या थंडीत त्याच्या बाह्या चिरंजिवांच्या पावलांपर्यंत येत होत्या आणि चालताना ते स्वतःच्याच बाहीवर पाय देऊन पडत होते. या थंडीत तो डोक्यातून आत जात नाही. मध्ये केव्हातरी तो त्यांना अगदी मापाचा झाला असणार. माझा अंदाज, मेच्या दुसऱ्या आठवड्यात.

लेबलवर अठरा ते चोवीस महिने लिहिलेलं असतं. ते कुठल्या मुलाला बघून लिहितात, ते एकदा विचारायचं आहे.

पूर्वजांना या गोंधळाची कल्पना असावी, कारण त्यांनी संक्रांतीला बोरन्हाण लावून दिलं. मुलाला ऋतू बाधू नयेत म्हणून करतात. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, हलव्याचा हार, आणि डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे, हरभरे, चुरमुरे, रेवड्या. बोरं घशात अडकतील म्हणून बायकोने ती आधीच काढून ठेवली, त्यामुळे आमचं बोरन्हाण बोरांशिवाय झालं. सोसायटीतली पोरं चुरमुऱ्यांवर तुटून पडली. चिरंजीव मध्यभागी पाटावर शांत बसून गळ्यातला हार खात होते. त्यांना ऋतू बाधला नाही. हार बाधला.

उन्हाळ्याबद्दल फार लिहीत नाही. ज्यांच्या घरी हापूस आणि पांढरा सोफा दोन्ही आहेत, त्यांना सांगायला नको, आणि बाकीच्यांना कळणार नाही.

मात्र चिरंजिवांच्या मनातला ऋतू बाहेरच्या ऋतूच्या नेहमी एक मुक्काम मागे असतो, हे नोंदवलं पाहिजे. जूनमध्ये त्यांना लाल गमबूट घेतले, डबक्यात उड्या मारायला. भर पावसात ते बूट बघूनच त्यांनी जमिनीवर लोळण घेतली. मग ते अनवाणी डबक्यात गेले आणि मी हातात बूट धरून काठावर उभा राहिलो. दिवाळीच्या सुमारास पाऊस संपला, रस्ते कोरडे झाले, आणि गमबूट पायातून निघेनासे झाले. अभ्यंगस्नानाला उटणं लावून घेताना ते पायात होते. रात्री झोपताना ते पायात असतात. उजवा डाव्या पायात आणि डावा उजव्या पायात. आई म्हणते, "असू दे, पाय तरी गरम राहतात."

या सगळ्यावर मी एक व्यवहारी तोडगा काढला होता. नागपूरला माझ्या साडूंकडेही मुलगा आहे, चिरंजिवांपेक्षा वर्षभराने लहान. आपल्याला लहान झालेलं त्यांना पाठवायचं, म्हणजे काही वाया जात नाही. वर्षभराचं अंतर म्हणजे काय, हे निळ्या स्वेटरच्या वेळी कळलं. आमच्याकडे तो मेमध्ये मापाचा झाला असणार, तेव्हा त्यांच्या मुलालाही तो मे महिन्यातच बरोबर मापाला येणार. नागपूरला मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. साडू सज्जन आहेत. त्यांनी स्वेटर ठेवून घेतला, फोन करून आभार मानले, आणि उलट भेट म्हणून चिरंजिवांना एक रेनकोट पाठवला, टोपीवर बेडकाचे डोळे असलेला. जरा मोठा आहे.

तो परवा, डिसेंबरात, पोचला. सध्या सकाळी थर घालायचा क्रम असा आहे: बनियन, शर्ट, नवा स्वेटर, त्यावर रेनकोट, खाली गमबूट. आईने गॅलरीतून हात आत घेतला, चिरंजिवांकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "कानटोपी कुठेय याची?"