हजार आत्या, एक साडी

मराठी घरात नाव ठेवायचा मान आत्याचा. बाळाच्या कानात कुर्र करायचं, नाव सांगायचं, पाठीत चार धपाटे खायचे आणि साडी घेऊन घरी जायचं. इतक्या चोख व्यवहारात सुधारणा करण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण इंटरनेटने ती केलीच. आता बारसं धंद्याचं असतं आणि आत्या हजारभर असतात. प्रत्येकीने स्वखर्चाने यायचं, वीसवीस नावं सांगायची. साडी एकीलाच, बाकीच्यांना धपाटे.

या व्यवस्थेला 'घरबसल्या जोडउत्पन्न' म्हणतात. कुणी उद्योजक स्पर्धा लावतो: माझ्या कंपनीला नाव सुचवा, पसंत पडलं तर शंभर-दोनशे डॉलर देईन. नाव छोटं हवं, अर्थपूर्ण हवं, जगभर उच्चारता यावं, कुणाच्या ट्रेडमार्कला धक्का लागू नये आणि मुख्य म्हणजे त्याचं डॉट कॉम मोकळं असावं. मुलगी गोरी, उंच, नोकरीवाली आणि स्वयंपाकात निपुण हवी, असं सांगणारी मंडळी आता या क्षेत्रात आली आहेत, एवढाच याचा अर्थ.

आमच्या सोसायटीतले एक निवृत्त मुख्याध्यापक या जोडउत्पन्नाच्या मागे लागले. त्यांनी दोनशे पानी वहीत पट्टीने रकाने आखले: नाव, विग्रह, उपलब्धता, शेरा. पहिलंच गिऱ्हाईक अमेरिकेतलं, धंदा कुत्र्यांच्या शाकाहारी बिस्किटांचा. सरांनी 'श्वानमोदक' सुचवलं आणि विग्रहाच्या रकान्यात 'श्वानासाठी मोदक, चतुर्थी तत्पुरुष' असं लिहिलं. पाचपैकी एक तारा मिळाला. मग त्यांनी 'मोती' सुचवलं, तर ते दुसऱ्या कुणाच्या नावावर. 'टायगर'ही गेलेलं. शेवटी निवड झाली ती स्वर गाळलेल्या एका सात अक्षरी नावाची. त्याचा उच्चार सरांना अजून जमलेला नाही. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लाल शाईने 'शुद्धलेखन सुधारा' लिहून ठेवलंय.

'मोती' जाणारच होतं, कारण रोमन लिपीत ते चार अक्षरी. इंग्रजी लिपीतल्या सव्वीस अक्षरांची चार-चार अक्षरी नावं होतात 4,56,976, आणि डॉट कॉममध्ये ती केव्हाच संपली. तीन अक्षरी नावं त्याच्याही आधी गेली. पहिलं डॉट कॉम 15 मार्च 1985 रोजी नोंदलं गेलं, म्हणजे रांग चाळीस वर्षांची आहे आणि आपण आत्ता चप्पल शोधतोय.

यावर कुणीतरी गूगलचं उदाहरण देतंच. द्या. सप्टेंबर 1997 मध्ये स्टॅनफर्डच्या एका खोलीत शॉन अँडरसन या विद्यार्थ्याने 'गूगोलप्लेक्स' सुचवलं. लॅरी पेजला त्याचं आखूड रूप आवडलं. एकावर शंभर शून्यं म्हणजे 'गूगोल'. नाव मोकळं आहे का हे बघताना अँडरसनने स्पेलिंग चुकवलं, आणि चुकलेलंच पसंत पडलं. जगातलं सगळ्यात यशस्वी बारसं शुद्धलेखनाच्या चुकीवर उरकलं. साडीचा उल्लेख त्या हकिकतीत कुठे येत नाही.

नाव सुचवण्यापेक्षा आधीच विकत घेऊन बसावं, असा विचार करणारेही आहेत. दिल्लीतल्या एका तरुण प्रोग्रॅमरने जिओ आणि हॉटस्टार एकत्र येणार हे ताडून दोन्ही नावं जोडलेलं डॉट कॉम घेऊन टाकलं आणि 2024 मध्ये कंपनीकडे केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला. कंपनीकडून कायद्याची भाषा आली. मग ते नाव दुबईतल्या दोन शाळकरी भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते कंपनीला फुकट द्यायची तयारी दाखवली. तेव्हा हा मार्ग पत्करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की, संकेतस्थळाच्या नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच सांगितलंय.

देशी उपायही आहे. ऑगस्ट 2014 पासून देवनागरीत 'डॉट भारत' मिळतं. तिथे 'श्वानमोदक' आजही मोकळं असावं, अशी सरांना आशा आहे. फक्त पडद्यामागे यंत्रणा आपल्या सुंदर देवनागरीचं रूपांतर एक्स, एन, दोन आडव्या रेघा आणि पुढे अगम्य रोमन अक्षरं अशा कोडात करते. चतुर्थी तत्पुरुषाचं एवढंच होतं.

मग कमावतं कोण? स्पर्धा भरवणारं संकेतस्थळ आपलं कमिशन कापून घेतं. नावनोंदणी करणारी कंपनी दरवर्षी भाडं घेते, कारण नाव कायमचं विकत मिळतच नाही, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांपुरतं मिळतं. डॉलरचे रुपये करणाराही आपला वाटा काढून घेतो. शिवाय 'नावं सुचवून कमवा' शिकवणारा क्लास फी आगाऊ घेतो. त्याला नाव सुचण्याची गरज पडत नाही. आणि नावांच्या स्पर्धा भरवणाऱ्या 'स्क्वाडहेल्प' या बड्या अमेरिकी बाजाराने तर 2024 मध्ये स्वतःचंच नाव बदलून 'अ‍ॅटम' करून घेतलं. दुसऱ्यांची बारशी करता करता स्वतःचं राहून गेलं असावं.

जाता जाता एक विनंती. या सदरालाही नवं नाव हवं, असं संपादकांचं म्हणणं आहे. वाचकांनी भरपूर नावं पाठवावीत. छोटी असावीत, अर्थपूर्ण असावीत, आणि डॉट कॉम मोकळं आहे का ते पाहूनच पाठवावीत. निवड झाल्यास कळवू. मानधनाची चौकशी करू नये.