विभक्त दांपत्यानं डिपॉझिट वसूल करण्याची अधिकृत कार्यपद्धती

बार्शीटाकळीत भाड्यानं राहणारं जोडपं बहुधा नोकरीवालं असतं. एकाची ड्युटी गावात, दुसऱ्याचं अकोल्याला अपडाऊन. संसार मोडला की भांडी, सोनं, नातेवाईक यांची वाटणी कशीबशी होते. घरमालकाकडचं डिपॉझिट तेवढं अखंड राहतं. ते सोडवून आणू इच्छिणाऱ्यांसाठी पुढील सूचना.

आधी कागद शोधावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 म्हणतं की भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरायच्या, घरमालक उलट सिद्ध करेपर्यंत. कायदा एवढा आपल्या बाजूचा असल्यावर कागद नसणार, हे ओघानं आलंच. गावच्या हेमाडपंती देवळात शके 1098 चा शिलालेख आहे. इथल्या माणसांनी साडेआठशे वर्षांपूर्वी मजकूर दगडात कोरून ठेवला, आज डिपॉझिटची पावती मागितली तर उत्तर येतं, "आपल्यात कागद कायले लागते भाऊ?"

कागद असलाच तर त्यावर नाव एकाचंच असतं आणि ते कोणाचं, हे सांगायला नको. बाईनं बचत गटातून कर्ज काढून अर्धी रक्कम नवऱ्याच्या हातात रोख ठेवलेली असते. त्यानं ती मोबाइलवरून घरमालकाला पाठवलेली असते. बँकेच्या खातेउताऱ्यात ती पूर्ण त्याची. तेव्हा प्रेमात असतानाच आपला वाटा आपल्या खात्यातून पाठवावा आणि शेऱ्यात 'डिपॉझिट' असं लिहावं. त्या दिवसांत शेऱ्यात बदाम टाकण्याची प्रथा आहे. बदाम कोर्टात चालत नाही.

आता मुख्य अडचण. घरमालकानं 1872 चा भारतीय करार कायदा वाचलेला नसतो, पण तो वागतो त्याबरहुकूमच. कलम 45 प्रमाणे दोघांना मिळून दिलेलं वचन दोघांनी मिळूनच मागायचं असतं. घरमालक हेच थोडक्यात सांगतो: "बाईले देऊ का तुमाले देऊ? उद्या दुसरं येईन अन् म्हनीन, माहे पैसे कोठी गेले? तुमी दोघं सोबत या."

सोबत! हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब नुसार संमतीनं घटस्फोट घ्यायला वर्षभर वेगळं राहावं लागतं, अर्ज केल्यावर आणखी सहा महिने थांबावं लागतं. योग्य प्रकरणात हे सहा महिने माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 साली सांगितलं. घरमालकाच्या अटीला अशी माफी कोणी दिलेली नाही. जगाच्या दृष्टीनं तुम्ही वेगळे झालात तरी त्याच्या ओसरीवर तुम्ही अजून जोडपंच आहात.

सबब, एक दिवस ठरवून जावं. वेगवेगळ्या गाड्यांवर जावं, पण पोहोचावं एका वेळी. जो आधी पोहोचेल त्याला घरमालकीण काकू आत बोलावून दुसऱ्याच्या चुका विचारतात. चहा उभ्यानंच घ्यावा. बसलं की समेट सुरू होतो, आणि समेट झाला की डिपॉझिट पुन्हा अडकलं. तोंडही पाहायचं नसेल त्यांनी एकमेकांच्या नावे ना-हरकत लिहून, सही करून द्यावी. एवढंही जमत नसेल तर स्पीड पोस्टानं मागणीपत्र पाठवून पोच जपावी. पैशाच्या दाव्याला साधारण 3 वर्षांची मुदत असते; रुसव्याला नसते.

मग कपात. इकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, म्हणून खिडकीचं एक झडप काढून तिथं कूलर बसवलेला असतो. त्याच्या गळतीनं भिंतीवर चौकटीपासून जमिनीपर्यंत तांबूस ओघळ उतरलेला असतो, खाली चुन्याचे पोपडे. घरमालक त्या ओघळावरून बोट फिरवतो, बोटाला लागलेला चुना दोघांना दाखवतो आणि आकडा सांगतो. इथं दांपत्यात कायद्याचा प्रश्न उभा राहतो: कूलर कोणाचा? सासऱ्यांनी लग्नात दिलेला आणि दोघांचा मिळून असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 27 खाली त्याची वाटणी कोर्ट ठरवू शकतं. ओघळाबद्दल कलम नाही. तो अर्धा-अर्धा धरावा. लग्नाच्या फोटोसाठी ठोकलेल्या खिळ्याचं भोक मात्र ज्यानं फोटोचा हट्ट धरला त्याच्या खात्यावर टाकावं. ही माझी शिफारस आहे. कायद्याचं पाठबळ नाही.

उरलेली रक्कम तिथंच मोजून घ्यावी आणि पाचशेच्या नोटा वाटून घ्याव्यात. विषम निघालेल्या नोटेचे सुट्टे घरमालकाकडं मागू नयेत, तो सल्ला देतो. शेवटच्या महिन्याचं महावितरणचं बिल यायचं असल्यानं त्यानं हजारेक रुपये राखून ठेवलेले असतात. ते बिल येईपर्यंत दोघांनी एकमेकांचा नंबर ब्लॉक करू नये.